पाचव्या शीलापाशी अडलेला घसा

बौद्धवाडी, म्हसळ्याजवळ
२३ ऑगस्ट

आदरणीय इंदूताईस,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर कुठवर आली? (त्यांना सांग, लपवून खाल्लेली जिलेबी रक्तात सापडतेच. लपवून घेण्याच्या विषयात आपल्या घराण्यात माझ्याइतका अनुभव कोणाला नाही.) इकडे लावणी उरकली, कमळचा दमा पावसाळ्यात असतो तेवढाच आहे, आणि मी बरा आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू स्पीकर लावतेस, मी हॅलो म्हणतो आणि मागे दार लागल्याचा आवाज येतो. प्रज्ञा दार आपटत नाही, हळूच लावते. पण बापाला ऐकू येतं गं. पत्राचं बरं असतं, ते टेबलावर पडून राहतं.

तर म्हसळ्याला दर रविवारी आम्हा दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिथे विनिता मॅडम येतात. (वयाने प्रज्ञाहून चार वर्षांनी मोठ्या असतील, पण त्यांनी नुसतं बघितलं तरी मी पाय जवळ घेऊन बसतो.) त्यांचं म्हणणं, बाटली सुटली म्हणजे अर्धंच काम झालं, उरलेलं अर्धं म्हणजे स्वतःविषयी बरं वाटणं. त्यासाठी रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दल तीन चांगल्या गोष्टी मोठ्याने बोलायच्या. आता आमच्या घरात आरसा एकच, तो कमळच्या उंचीला खिळ्यावर टांगलेला. म्हणजे मला आत्मसन्मान मिळवायचा तर आधी कमरेत वाकावं लागतं. पहिल्या दिवशी मी वाकून म्हटलं, मी चांगला माणूस आहे. चुलीकडून कमळ म्हणाली, "कोन आलाय?" दुसऱ्या दिवशी दोन गोष्टींवरच गाडी अडली. तिसरी सापडेना म्हणून मी बराच वेळ तसाच वाकून उभा, तर तिनेच आतून सुचवलं की भाताला पाणी बेताचं घालता. ते मी वहीत लिहिलं. मॅडमनी शेजारी बरोबरची खूण केली आहे.

मग मॅडम म्हणाल्या, पूर्वी तुम्हाला जे चांगलं जमायचं ते पुन्हा चारचौघांत करा. तुला माहीतच आहे, मला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली. विहारात पुढे उभं राहून वंदना द्यायची. मी एक ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती माझ्यामागून म्हणायची, वीस वर्षं हे काम माझ्याकडे होतं, आवाजामुळे. आणि तुला हेही माहीत आहे की तुझ्या संघर्षच्या लग्नात मी माइक हातात घेतला, चार शीलं खणखणीत दिली, आणि पाचव्याला, दारूपासून लांब राहीन असं जिथे म्हणायचं तिथे, मला हसू फुटलं. अख्ख्या मांडवात ऐकू गेलं. वास तर पहिल्या दोन रांगांना आधीच आला होता. प्रज्ञा तुझ्याकडे राहायला आली ती त्याच आठवड्यात. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

म्हणून विहाराचं सगळं बघणाऱ्या आपल्या धाकूदादांनी श्रावण पौर्णिमेला वंदना तूच दे म्हटलं तेव्हा मी आधी लोकांपासून लांब जागा शोधली. चार दिवस शेताच्या बांधावर सराव केला. (पलीकडच्या वाडीतला येसाजी डोकं उघडं करून जवळ आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, "कोन गेला काय रं, दया?" त्याने आपली वंदना आजवर मयतालाच ऐकलेली. सगळे जिवंत आहेत हे पटवायला त्याला घरी नेऊन चहा पाजावा लागला.) पौर्णिमेला विहार भरला होता. चार शीलं सुरळीत झाली. पाचव्याला घसा बंद. तोंड उघडं, आवाज नाही, घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. लोकांना वाटलं, विसरला. पुढच्या रांगेतल्या गोदूआजीला माझी दया आली आणि तिने पाचवं शील आपणच मोठ्याने म्हणून दाखवलं, शाळेत अडलेल्या पोराला मागच्या बाकावरून सांगतात तसं. मग सगळा विहार म्हणाला. आणि सगळ्यात शेवटी, ताई, त्यांच्यामागून मी म्हणालो.

बाहेर आलो तर कुठे तोंड लपवू असं झालेलं. चपला शोधत होतो, तेवढ्यात धाकूदादा जवळ येऊन म्हणाले, "दया, इतकी वर्सं तू आमाला शील देत व्हतास. आज पयल्यांदा घेतलंस."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. प्रज्ञा सहा वर्षांची असताना माझ्या शेजारी उभी राहायची, हात जोडून, आणि सगळ्यांचं म्हणून झालं की एक शब्द मागे तिचा आवाज यायचा. लोक हसायचे. मला तिची फार आठवण येते, ताई. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण दुसरं काही सुचत नाही. भावोजींना, संघर्षला आणि जी दार लावते तिलाही जयभीम सांग.

तुझा,
दयाराम

ता. क. : प्रज्ञाचं लग्न डिसेंबरात ठरल्याचं कमळने परवा सांगितलं, चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता. माझं एवढंच मागणं आहे. पत्रिकेत नाव नको, माइक तर नकोच, वंदना संघर्षने द्यावी. मला मांडवात मागच्या रांगेत उभं राहून सगळ्यांबरोबर म्हणू द्यावं. एवढं तिला विचारशील? नाही म्हणाली तरी कळव, मी गप्प बसेन.

दुसरा ता. क. : ती विचारेल, किती दिवस झाले सोडून. कमळ सगळ्यांना अकरा महिने सांगते, कारण शिमग्यातला तो एक दिवस ती धरत नाही. मी धरतो. माझ्या हिशेबाने आज पाच महिने नऊ दिवस झाले. प्रज्ञाला माझाच आकडा सांग. मोठे आकडे तिने माझ्या तोंडून पुष्कळ ऐकले आहेत.