मायाक्काचा पासवर्ड

रविवारी धनाजीनं पाहुण्यांसमोर आई मायाक्काच्या फोनमधले तिच्या मैत्रिणीचे, मुक्ताचे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवले. सगळे हसले, मायाक्का मात्र उठून आत गेली. आज तो कामावरून सोलापूरच्या घरी आला, तर भाकरीच्या टोपल्यावर तिची चिठ्ठी होती.

"धनाजी, केमला मुक्ताकडं दोन दिस चाललीय. आमटी गरम करून घे. फोनचा पासवर्ड माझी मीच बदललाय, तुला सांगणार न्हाय. आमचं बोलणं आमचं हाय. रागावली न्हाय, उलट लई मोकळं वाटतंय."

धनाजी ओशाळला. "चुकलं आई," असं त्यानं तिला लिहून पाठवलं. लगेच मुक्ताच्या अंगणात खळखळून हसणाऱ्या दोघींचा फोटो आला. खाली आईनं लिहिलं होतं, "ह्यो समद्यास्नी दाव की!"