माझ्यामागे कानाचं मशीन

मी, मालन विठ्ठल साटम, वय चौऱ्याहत्तर, राहणार आंबिवली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं कोणी नाही. डोकं ठिकाणावर आहे. कमी होतं ते ऐकू येणं; त्याचीही आता सोय झाली.

१. राहती खोली यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती माझा मुलगा मयूर, राहणार माजिवडा, याला मिळावी. विकायची तर खुशाल विकावी. इथे येणं त्याला जड जातं, हे मला ठाऊक आहे.

२. सोन्याच्या दोन पाटल्या माझ्या भावाची नात निशिगंधा हिला द्याव्यात. सूनबाईंनी नाक मुरडू नये. माझ्या कानासाठी हेलपाटे या पोरीने घातले. ठाण्याच्या दुकानातली मशीनची किंमत तिने मला कागदावर लिहून दाखवली. तेवढ्या पैशांत आम्ही ही खोली घेतली होती. मग शिबिरात फुकट मिळालेल्या मशीनमध्ये पंखा आणि भांडी तेवढी गरजायची, माणसाचं बोलणं कळेना. "आजी, आधी कान तपासू गं! असं कुठलंही लावून नाय चालत!" ती माझ्या कानाशी ओरडली. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. कल्याणच्या एका संस्थेने कोणीतरी परत केलेलं मशीन माझ्या कानाला जुळवून, कानाच्या मापाचा नवा साचा करून, मला परवडेल अशा पैशांत दिलं.

३. ते मशीन माझ्यामागे त्याच संस्थेला परत द्यावं. साचा माझ्याच कानाचा आहे, तो टाकून द्यावा.

४. शेजारीण हेमा साक्षीदार असल्याने तिला काही ठेवता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून मोगऱ्याची कुंडी आजच तिच्या दारात नेऊन ठेवली आहे. माझे कान गेल्यापासून मयूर तिलाच फोन करून माझी खुशाली विचारतो. मशीन आल्याचं निशिगंधाने त्याला कळवलं होतं. तरी गेल्या रविवारी हेमालाच फोन. तिने स्पीकर लावलेला, मी शेजारी मटार सोलत होते.

"काकी इथेच बसल्यात. देऊ फोन?"

"नको ओ ताई, तिला कुठे ऐकायला येतं? बरी आहे ना? बस मग. ठेवतो."

सगळं स्वच्छ ऐकू आलं. किती वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. बापासारखाच घोगरा झालाय. हेमा माझ्याकडे बघेना. मला राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. मटार मात्र सगळे सोलून दिले.

५. मी गेल्यावर उशाशी बसून कोणी "आई, आई" अशा हाका मारू नयेत. तेव्हा मशीन काढून ठेवलेलं असेल.

६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी याची एक प्रत आजच मयूरला पाठवते आहे. मयूर, सकाळचा चहा झाला की मी मशीन लावते, ते निजेपर्यंत. माझा नंबर तोच आहे. त्या वेळात कधीही फोन कर. हेमाला नको रे, मला.

सही: मालन विठ्ठल साटम

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
हेमा मारुती गावकर, शेजारी
परशुराम धोंडू म्हात्रे, तळमजला

ठिकाण: आंबिवली
तारीख: १७ जानेवारी २०२५