सातव्या खांबापलीकडे

दिनांक ९ मार्च

ती. ताईस,

फौजदाराचा नमस्कार. पाकिटावर सवयीने तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहिलं, मग ते फाडून दुसरं घेतलं.

गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेत जा. इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय माझ्याशी कामापुरतं बोलते, कारण मी काहीतरी लपवतोय असा तिला संशय आहे. पोलिसात मी आणि डोकं तिचं, असं तू म्हणायचीस ते खरंच आहे.

लहानपणी मी सगळ्यांच्या चुगल्या करायचो म्हणून तू मला फौजदार म्हणायला लागलीस. हवालदाराच्या वर काही मी गेलो नाही, पण शेजारणींना तू अजूनही 'आमचा फौजदार' असंच सांगतेस. पूर्वी मी लाजायचो. हल्ली ते ऐकवत नाही.

दर शनिवारी मी नव्याने भरती झालेल्यांचा वर्ग घेतो. कोण कोणाच्या हाताखाली, कोणत्या वहीत काय लिहायचं, ठाण्याची हद्द कशासाठी असते, असलं सगळं. हद्द काम वाटून घ्यायला असते, ढकलायला नाही. फोन आला की आधी माणूस पाठवा, हद्द मागाहून बघा, असं मी फळ्यावर लिहितो. अक्षर चांगलं आहे म्हणून मलाच नेमलंय.

बघ, दोन पानं होत आली तरी मी फळ्यावरच घुटमळतोय. आता सांगतो.

पुलाचा सातवा खांब ही आमच्या आणि शेजारच्या ठाण्याच्या हद्दीची खूण. त्या दुपारी तीनला टेबलावर मी होतो. पुलाखालच्या पंक्चरवाल्याचा फोन आला, की एका स्कूटरवाल्याला ट्रकने उडवलंय, माणूस शुद्धीवर नाही. मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? किती लागलंय, हा नाही. मी विचारलं, "कितव्या खांबापाशी?" तो म्हणाला आठव्या. मी म्हटलं, मग आमच्याकडे नाही, त्यांना लाव. त्याच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. लावतो मीच, असं म्हणून मी फोन ठेवला.

आणि वहीत लिहिलं: 'हद्दीबाहेर. शेजारच्या ठाण्यास ३.०५ वाजता कळवले.' ताई, आमच्याकडे असंच करतात. आधी ओळ लिहून टाकायची, फोन मग करायचा. तेवढ्यात साहेबांनी मासिक तक्त्यासाठी आत बोलावलं आणि फोन करायचा राहून गेला.

अर्ध्या तासाने पंक्चरवाल्यानेच एक टेम्पो थांबवला. त्यात ज्याला घातलं, ते आपले भावजी होते.

हे मला संध्याकाळी तुझा निरोप आल्यावर कळलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचले असते. तू माझा हात धरून म्हणालीस, "तो अर्धा तास कोणी घालवला, त्याला सोडू नकोस." मी मान हलवली. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढचं तर याहून वाईट. चौकशी लागली. वहीची पानं क्रमांकाची, खाडाखोड चालत नाही, त्यामुळे माझी ओळ तशीच राहिली आणि तीच पुरावा ठरली. शेजारच्या ठाण्यात टेबलावर त्या दिवशी लांबू होता. तो आणि मी एकाच तुकडीत भरती झालो. तू त्याला आमच्याकडे जेवताना पाहिलंयस, दाराला डोकं आपटायचं त्याचं. तो शपथेवर सांगत राहिला की फोन आलाच नाही. कोणी ऐकलं नाही. त्याला निलंबित करून चार महिने झाले. आणि त्याच्याविरुद्धचा तुझा तक्रार अर्ज कोणी लिहून दिला? मी. चांगल्या अक्षरात. तू डोळे पुसत खाली सही केलीस आणि म्हणालीस, तू आहेस म्हणून आधार आहे.

गेल्या आठवड्यात लांबू बाजारात दिसला. मला वाटलं, गचांडी धरेल. त्याने तुझी चौकशी केली. म्हणाला, "ताईंना सांग, फोन आला असता तर मी पळत गेलो असतो." मी हो म्हणालो आणि भाजी न घेताच घरी आलो.

आज सकाळी मी साहेबांना लेखी जबाब दिला. ते म्हणाले, गेलेला माणूस परत येत नाही, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कागद परत घे. मी घेतला नाही. यात शौर्य काही नाही, चार महिने गप्प बसून झाल्यावर.

गुरुवारी चौकशीत तुझा जबाब आहे. तिथे लांबूचं नाव घेऊ नकोस. माझं घे, वडिलांच्या नावासकट पूर्ण. भाऊ आहे म्हणून कचरू नकोस.

मी क्षमा मागत नाही. मागायला तोंडच नाही. खांब आठवा की सातवा, हे मी भावजी नसते तरी विचारलंच असतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

बाहेरच्या बाकावर मी दहापासून बसलेला असेन. तू शेजारी बसलंच पाहिजेस असं नाही.

ज्याने तो फोन घेतला,
तो तुझा भाऊ