तिसऱ्या स्वादुपिंडाआधी

मी, दयानंद महादेवप्पा बिराजदार, वय एक्केचाळीस, खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्राचा शिक्षक, राहणार लातूर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. सकाळची साखर १३२ होती. याहून पक्का पुरावा कुठल्या मृत्युपत्रात मिळणार नाही. कोणाचा दबाव नाही. उलट लिहू नये म्हणून सरजामावशीचा दबाव आहे.

१. कारण. माझ्या पोटात दोन स्वादुपिंडे आहेत आणि दोन्ही निकामी. जन्माचे अकराव्या वर्षी बंद पडले. त्याच वर्षी भूकंपात आई-बाबा गेले. दुसरे २०१३ साली हैदराबादला मूत्रपिंडासह बसवले, एका अनोळखी मृत तरुणाचे. जुने काढत नाहीत. नवे उजव्या ओटीपोटात ठेवून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला जोडतात, त्याचा रस आतड्यात सोडतात. नऊ वर्षे इन्सुलिनची सुई लागली नाही. त्या तरुणाच्या घरच्यांचा मी जन्मभर ऋणी आहे. गेल्या वर्षी शरीराने ते नाकारले. मूत्रपिंड चालू आहे. आता तिसऱ्यासाठी यादीत नाव आहे, फोन आला की निघायचे. पुन्हा बसवलेले टिकण्याची शक्यता पहिल्यापेक्षा कमी आणि जिवाला धोकाही आहे, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

२. मावशी. आईची थोरली बहीण. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तिने मला वाढवले. नर्सबाईकडून वांग्यावर सुई टोचायला शिकली. इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवायची. चूक एकच झाली. पहिल्या श्रावणी सोमवारी आई-बाबांसाठी म्हणून तिने मला उपास धरायला लावला आणि सुई मात्र नेमाने दिली. दुपारी साखर उतरून मी बेशुद्ध. त्या दिवसापासून तिने स्वतःचे सगळे उपास सोडले. मी तिला कधीच दोष दिला नाही, हे इथे लिहून ठेवतो, कारण ती स्वतःला अजून देते.

३. लातूरचे घर सरजामावशीला. (खोडले. कारण शेवटी.)

४. भुजंगकाका. "साखरेच्या पोराला जमीन कशाला, किती दिवसांचा हाय त्यो?" म्हणत त्यांनी आमचे रान नांगरून बळकावले. त्यांना काही नाही. मी तीस वर्षे जगून दाखवले, तेवढे त्यांना पुरे. त्यांची नात माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. माझ्या सगळ्या नोट्स आणि तक्ते तिला द्यावेत. पोरगी हुशार आहे, आजोबांवर गेली नाही.

५. वाद. साखर उतरली की पूर्वी घाम सुटायचा, हात कापायचे. आता काहीच कळत नाही, थेट पडतो. जूनमध्ये वर्गात पडलो, तर पोरांना वाटले सर लक्षणे करून दाखवतायत. वहीत लिहून घेत होती. तेव्हापासून सत्त्याहत्तर वर्षांची मावशी पदराला गूळ बांधून नीट परीक्षेच्या बॅचला शेवटच्या बाकावर बसते. म्हणते, "मी हाय तवर सुई हाय. पोट कशाला फाडून घेतो?" मी म्हणालो, "तू नसशील तेव्हा?" दुसऱ्या दिवशी पदराला दुप्पट गूळ बांधून आली.

मला हे ऑपरेशन तिला त्या बाकावरून उठवण्यासाठी हवे आहे. तिने आता आपल्या लेकीच्या, शिल्पाच्या, अंगणात निवांत बसावे. तिच्यावर माझा फार जीव आहे. तोंडाने कधी म्हणालो नाही, म्हणून कागदावर.

६. खाडाखोडीबद्दल. वकील नाजिया मॅडमनी हे मावशीला वाचून दाखवले आणि म्हणाल्या, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला राहू नये. मावशी म्हणाली, "मंग घर खोडा. साक्ष मीच देणार. न्हान्याचं मोठं मी केलंय, दुसरं कोण बघणार?" कोणाचे काही चालले नाही. आता घर शिल्पाला; मावशी हयात असेपर्यंत तिथे राहील.

लातूर, १९ नोव्हेंबर २०२३

(सही) दयानंद महादेवप्पा बिराजदार

साक्षीदार:

१. (सही) नबील अहमद, क्लासमधले भौतिकशास्त्राचे सर

२. सरजाबाई, डाव्या हाताचा अंगठा. तिने सांगितले तसे नाजिया मॅडमनी खाली लिहिले:

"पोरगं शुद्धीत हाय. माझ्यासमोर सही केली. फोन आला की मी बी गाडीत बसणार. वापस आल्यावर ह्यो कागद त्यानं सोताच्या हातानं फाडायचा."