सोळा पानं

ता. ९ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेल. तरी फाडून टाकू नका, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते करा. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे. बाइंडिंगचं दुकान चालू आहे. शिलाईला एक बाई ठेवली आहे, सोळा-सोळा पानांचे फर्मे मात्र अजून मीच दुमडते.

मागच्या आठवड्यात लेक-जावयांनी मला वाळवंटातली ती जुनी थडगी आणि देवळं दाखवायला नेलं. मी नको म्हणत होते, पण लेक ऐकेना. नात उंटावर चढली आणि तिथून पुढे आम्हाला ओळखच देईना. ऊन असं, की जावयांच्या टकलाला हात लावला तर चटका बसावा. त्यांनी माझा पदर मागितला, मी दिला नाही.

त्या देवळांवरचं एक जाड पुस्तक आमच्या घरी आहे, तुम्ही पाहिलेलं आहे. मी चौथी शिकलेली. खरी वाचायला लागले ती दुकानात, फर्मे दुमडता दुमडता. त्या पुस्तकाचे फर्मे लावताना एका प्रतीत माझ्या हातून पाचवा दोनदा गेला आणि सहावा राहिला. गिऱ्हाइकाने प्रत परत आणून टाकली. हे रागावले नाहीत. म्हणाले, "घे, ही तुझी." सोळा पानं कमी असलेलं ते पुस्तक मी वीसेक वेळा वाचलं असेल. ऐंशीव्या पानावर राजा मरतो, राणी उशाशी बसलेली. सत्त्याण्णवाव्या पानावर त्याच्या नावाचं देऊळ बांधून तयार. मधलं मी माझ्या मनाने भरून घेतलं होतं. राणीने बांधलं, दुसरं कोण बांधणार?

गाइड म्हणाला, बहिणीने बांधलं. मी म्हटलं, चुकताय तुम्ही. तो बिचारा हसून विचारू लागला की आजी, कुठे वाचलंत? आता काय सांगू, की ज्या पानांवर ते असेल ती पानं मी वाचलेलीच नाहीत? तरी मी हटले नाही. जावई त्याला म्हणाले, तुम्ही सावलीत बसा, पुढचं आमच्या सासूबाई सांगतील. सगळे हसले.

मग गाइडने आत नेऊन भिंत दाखवली. मधोमध राजा. त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीची, राणी. आणि कोपऱ्यात त्यांच्या गुडघ्याएवढी एक बाई. ती बहीण. सगळं तिने बांधलं, आणि भावजयीला भावाशेजारी उभं करून स्वतः कोपऱ्यात गेली.

मी तिथेच खाली बसले. लेकीला वाटलं ऊन लागलं. मी तसंच वाटू दिलं.

वन्सं, हे गेले त्या दिवशी तुम्ही दारातच मला विचारलंत, "माझं नाव काढलं होतं का त्याने?" मी म्हणाले, शुद्धच नव्हती. ते खोटं होतं. सोमवार-मंगळवार, दोन्ही दिवस ते पूर्ण शुद्धीवर होते. सोमवारी सकाळीच म्हणाले, "ताईला कळव." मी कळवलं म्हणून सांगितलं. दुपारी विचारलं, तेव्हा म्हटलं, निघाल्यात. फोन खालच्या मजल्यावर होता. मी दोनदा खाली गेले, दोनदा चहा घेऊन वर आले.

का केलं, ते साधं आहे. तुम्ही आलात की तुमच्या दोघांच्या लहानपणच्या गोष्टी निघायच्या, तुम्ही दोघं हसायचात आणि मी आत कपबशा विसळत असायची. एकतीस वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी समजत होते. डॉक्टरांनी दोन-तीन दिवसच सांगितले, तेव्हा ते मला एकटीला हवे होते. पण एकटीलाही मिळाले नाहीत. ह्यांचं सगळं लक्ष दाराकडे.

त्याच्या आदल्या महिन्यात फोनवर तुमचं दोघांचं वाजलं होतं. तो रागातच गेला, असं धरून तुम्ही बसलात, हे मला लेकीकडून कळत होतं. एका वाक्यात ते मला पुसता आलं असतं. चार वर्षं मी गप्प बसले, कारण ते वाक्य बोलले की मी कोण आहे ते तुम्हाला कळलं असतं. आता कळू दे.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलंत तरी चालेल.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुमची वस्तू माझ्याकडे राहिली होती, ती तेवढी पोचवते. मंगळवारी संध्याकाळी त्यांना ग्लानी येऊ लागली. मी पांघरूण सारखं करत होते. माझा हात धरून म्हणाले, "मला झोप लागली तर लागू दे. पण ताई आली की उठव."

तुमची,
जिने कळवलं नाही ती भावजय