बायांच्या केबिनची किल्ली

दीक्षितपुरा, जबलपूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. भाऊदादांस अंजनीचा शि. सा. नमस्कार.

तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही, अन् माझा मोबाईल फुटला, म्हणून लिहून राहिली. डोक्याला टाके पडले. घाबरू नका.

कुंडमकडच्या रस्त्याच्या कामावर माझ्या संडासाच्या केबिनी भाड्यानं लागल्या आहेत. माझी रीत तुम्हाला माहीत आहे. बायांच्या केबिनची किल्ली मी ठेकेदाराला देत नाही, मजूर बाईलाच देते. इथं राधाबाईच्या कमरेला मीच बांधली. मुकादम योगेंद्रला ती केबिन साहेब लोकांसाठी पाहिजे होती. बायांना काय, जंगल पडलं आहे म्हणे. राधाबाईनं किल्ली दिली नाही.

मी टाकी उपसायची गाडी घेऊन पोचली, तर हा तिला पट्ट्यानं झोडपून राहिला होता अन् बाकीचे उभे राहून पाहत होते. पडली तर पोटात लाथा. मी गाडीतला पाना काढला. त्यानं माझं डोकं फोडलं, मी त्याचा गुडघा फोडला. अजून हाणणार होती, पण विष्णू ड्रायव्हरनं धरलं. काहून धरलं म्हणून त्यालाही शिव्या घातल्या.

राधाबाई मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. माझ्या स्वानंदीचं लग्न ठरल्या तारखेलाच होईल, वहिनीला सांगा. माया असू द्या, उपदेश नको.

तुमची अंजनी

नागपूर
१६ फेब्रुवारी

चि. अंजनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी रडली, मग म्हणाली की पाना आणखी मोठा घ्यायला हवा होता. मी मात्र रागावलो आहे.

काल स्वानंदीचे होणारे सासरे आले होते. ठेकेदार त्यांचा मावसभाऊ निघाला. त्यांचं म्हणणं, राधाबाई नालीत पडली एवढं तू ठाण्यात सांग, म्हणजे मुकादमाचा गुडघा फोडल्याची तुझ्यावरची तक्रार ते लोक मागे घेतील. नाहीतर लग्न होणार नाही. बाप नसलेली पोर आहे, तिचं बघ. लहानपणापासून तुझा हात जिभेच्या पुढे धावतो, आता दोन्ही आवर.

उपदेश केला, तरी राग धरू नकोस.

तुझा भाऊराव

दीक्षितपुरा, जबलपूर
२३ फेब्रुवारी

ती. भाऊदादांस नमस्कार.

राधाबाई गेली. तिला आम्ही बायांनीच आंघोळ घातली, पाणी मी टाकलं. पाठभर पट्ट्याच्या बक्कलचे ठसे. नालीत बक्कल असतात काय, दादा?

तुमचं पत्र स्वानंदीला दिलं. पोरीला मराठी वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचलं. मग साखरपुड्याची अंगठी काढून देवघरात ठेवली, चलो म्हणाली अन् स्कूटीवर मला ठाण्यात घेऊन गेली. मी पाना मारला ते सांगितलं, त्यानं बाई मारून टाकली तेही सांगितलं. योगेंद्रला आत टाकलं आहे.

काल त्याची माणसं आपल्या गोदामात शिरली. केबिनी आडव्या पाडून पेटवल्या. विष्णू मधे पडला, त्याचा हात लोखंडी सब्बलनं मोडला. मी एकाच्या तोंडावर फिनाईलचा डबा रिकामा केला, तो आंधळ्यासारखा ओरडत पळाला. वाईट वाटत नाही.

अंगठी कुरियरनं येईल, व्याह्यांना पोचवा. योगेंद्रच्या जमानतीची पेशी कोर्टात लग्न ठरलं होतं त्याच आठवड्यात आहे. लग्नासाठी काढलेली तुमची रिझर्वेशनं रद्द करू नका. त्यांच्याकडून सगळं खानदान येईल. माझ्या बाजूला एक स्वानंदीच आहे. रागावलेले असा, तसेच या, पण या.

तुमची
अंजनी