दादानं दाखवलेल्या जागा

लाडके सुमे,

तू गेल्यावर वर्षभर तुझ्या मोबाइलला मी हात लावला नव्हता. आज लिहायला बसलोय ते एका फॉर्ममुळे. इथल्या वाचनालयात गावातल्या अनोळखी जागांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय. तुझी मैत्रीण वैशाली घरी आली. म्हणाली, "दादा, सुमनचे फोटो द्या ना. फक्त कोणता फोटो कुठला आहे, तेवढं या फॉर्मवर लिहून पाहिजे."

अकरा फोटो निघाले. एकातही माणूस नाही. कमानीची विहीर. अर्धी निळी, अर्धी चुन्याची भिंत. वर काहीच नसलेला एक जिना. सुमे, हे आपलं हिंगोली? मी एसटीचा कंडक्टर. सेनगाव, नरसी, वारंगा फाटा, मधले सगळे थांबे झोपेत सांगीन. आणि आपल्याच गावातली एक भिंत मला ओळखू येईना!

एक कबूल करतो. कुणीतरी आईला येऊन सांगितलं होतं, "तुमची पोरगी जिनिंग मिलच्या मागं एकटीच फिरून राहिली." मी काही न विचारता तुझ्या स्कूटीची चावी काढून घेतली. काहून बोलली न्हाईस गं? भांडायचं तरी!

मोबाइलमध्ये तारखा आहेत. अकराही फोटो त्यानंतरचे. म्हणजे तू पायी जात होतीस.

आणि खरं सांगू? ते फोटो पाहून माझ्या मनात आधी वाईटच आलं. कुणाला तरी भेटायला जात असशील, असं वाटलं. तू नसतानाही तुझ्यावर संशय घेतला मी.

सुट्टीच्या दिवशी मोबाइल घेऊन निघालो. दोन-चार जणांना फोटो दाखवत विहीर सापडली, स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत. शेजारच्या घरातून एक म्हाताऱ्या खाला बाहेर आल्या. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "वो फोटोवाली बच्ची? बहुत बार आई. मैं पूछी, तेरे कू ये बावडी किसने बताई? बोली, मेरे दादा ने दिखाई."

मी? ती विहीर मी जन्मात पाहिली नव्हती!

जिना जुन्या गोदामाच्या आवारात निघाला. तिथले वॉचमनकाका म्हणाले, "ती पोरगी? भावानं जागा दाखवली म्हणत होती. तुमीच का ते?" मी मोबाइल खिशात टाकला आणि पुढं निघालो. निळ्या भिंतीपाशी राहणाऱ्या बाईनंही तेच सांगितलं.

वाटलं, एकटी पोरगी दिसली की लोक प्रश्न विचारतात. भावाचं नाव घेतलं की तोंडं बंद होतात. म्हणून म्हणत असशील. ज्यानं तुला अडवलं, त्याचंच नाव पुढं करून फिरलीस? मला हसू आलं. मग फार लागलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "आरं, तूच तर तिला सायकलवर शाळंत न्यायचास. घरून येळेवर निघायचात, अन् शाळंत रोज उशीर. बाईंनी दोनदा बोलावलं मला. कुठून न्यायचास रे तिला?"

तेव्हा आठवलं. चौकात मोठ्या वर्गाची पोरं मला अडवायची, टोपी उडवायची. त्यांना चुकवायला मी गल्लीबोळांतून, कुठून कुठून सायकल काढायचो. मला विहीर आठवत नाही, भिंत आठवत नाही. आठवते ती फक्त भीती, आणि मागं कुणी येतंय का ते बघणं. तू कॅरियरवर बसलेली, सहा वर्षांची. तू तेव्हा हे सगळं बघत होतीस का? सहा वर्षांच्या लेकराच्या ध्यानात इतकं राहतं?

की आई मला बरं वाटावं म्हणून बोलली? की तू खरंच नुसतं लोकांचं तोंड बंद करत होतीस? दोन्ही पटतं, दोन्ही पटत नाही. विचारू कुणाला? तूच नाहीस!

बाकीच्या जागाही अशाच विचारत विचारत सापडल्या. दहा जागांची नावं लिहून दिली. अकरावी, एक छोटी खिडकी आणि तिच्यावर गंजलेला पत्रा, कुणालाच ओळखू येईना. वैशालीला म्हणालो, ती ओळ कोरी राहू दे.

ती खिडकी मी शोधीन, सुमे. पायीच जाईन. आणि कुणी हटकलं, "काहून आलास इकडं?", तर सांगीन, माझ्या बहिणीनं दाखवली ही जागा. निदान एवढं तरी बराबर खरं असेल.

तुझाच,
दादा